डोन्ना इम्माचं पाळण्यातलं नाव

'गोमोर्रा' ही इटालियन मालिका बघायला बसण्याआधी एक काम करा. आवाजाच्या यादीत जाऊन डब बंद करा, मूळ भाषा लावा आणि उपशीर्षकं चालू ठेवा. मूळ भाषा म्हणजे पुस्तकी इटालियन नव्हे, नेपल्सची बोली. ती मिलानच्या माणसालाही धड कळत नाही, तेव्हा आपण मागे पडतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. डब का नको? या मालिकेत कोण कोणाला कशी हाक मारतं यावर निम्मी गोष्ट चालते, आणि डबमध्ये पहिला बळी हाकांचाच जातो.

मालिकेचे पाच मोसम आहेत. पहिल्या चारांत प्रत्येकी १२ भाग, शेवटच्यात १०, असे एकूण ५८. काळ २०१४ ते २०२१. नेपल्सच्या उत्तरेकडची स्कांपिया, सेकोंदिल्यानो ही उपनगरं आणि तिथला अमली पदार्थांचा धंदा हा विषय. गोळीबार, काँक्रीटच्या इमारती, पहाऱ्यावरची पोरं यांबद्दल सगळीकडे लिहून झालंय आणि ते कौतुक रास्तच आहे. इथे मात्र एकच गोष्ट तपासायची आहे, ती म्हणजे बायकांची नावं. गुन्हेगारी कथेत पुरुषाचं नाव ठेवायला अक्कल लागत नाही; एखादं भीतीदायक टोपणनाव चिकटवलं की भागतं. बाईचं नाव चर्चच्या नोंदवहीतून येतं, आजीकडून येतं, गावच्या मादोन्नाकडून, म्हणजे मरियामातेकडून येतं. लेखकाने कच्चा अभ्यास केला असेल तर तिथे लगेच उघडा पडतो. जोडीला बीबीसीची 'मॅकमाफिया' घेतली आहे, कारण जागतिक गुन्हेगारी दाखवण्यात तिचा आवाका मोठा, पण नावांत ती अर्धवट. (पुढे कोण मरतं ते येणार आहे. न बघितलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.)

आधी इम्मा. टोळीप्रमुख पिएत्रो साव्हास्तानोची बायको. नवरा तुरुंगात गेल्यावर टोळी हातात घेते, मुलाला होंडुरासला पाठवते आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला, चिरोला, दूर लोटते. सगळे तिला 'डोन्ना इम्मा' म्हणतात. इम्मा हा तुकडा आहे. अख्खं नाव इम्माकोलाता, म्हणजे निष्कलंक. हे विशेषण मरियेचं. पुष्कळांची इथे गल्लत होते: निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म नव्हे. मरिया स्वतः आईच्या पोटात आली तीच आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मासोबत चिकटणाऱ्या पापाच्या, डागाशिवाय, असा तो सिद्धांत. पोप नवव्या पायसने ८ डिसेंबर १८५४ रोजी तो अधिकृत ठरवला, आणि ८ डिसेंबर हा सण इटलीत आजही सार्वजनिक सुट्टीचा आहे. याच सणातून दोन नावं निघतात. 'निष्कलंक'वरून इम्माकोलाता आणि 'गर्भसंभव'वरून कोंचेत्ता. एका वाक्याचे दोन तुकडे, दोन बहिणींना वाटून दिल्यासारखे.

दक्षिण इटलीतल्या मुलींच्या नावांचा मोठा साठा असाच मरियेच्या सणांतून आणि बिरुदांतून भरलाय. २५ मार्चची आनुंत्सियाता (घरात नुंत्सिया), १६ जुलैची कार्मेला, १५ ऑगस्टची आस्सुंता, १५ सप्टेंबरची आद्दोलोराता, ७ ऑक्टोबरची रोझारिया. कारण साधं आहे. प्रत्येक मुलीला मारिया नाव दिलं तर जिन्यात 'मारिया' म्हणून हाक मारल्यावर सहा दारं उघडतात. मग मारियेचं बिरुद वेगळं काढून तेच नाव म्हणून वापरायचं. त्यातही गर्दी झाली की लाडाचे तुकडे पडतात: कार्मेलाची कार्मेलीना, मेलीना, लीना, कोंचेत्ताची कोंचेत्तीना आणि नुसती तीना. फिलोमेनाची मेना. (या फिलोमेनाचं प्रकरण मजेशीर. १८०२ मध्ये रोमच्या भुयारी कबरस्तानात काही हाडं सापडली, १८०५ मध्ये ती नेपल्सजवळच्या मुन्यानो देल कार्दिनाले गावी आणली गेली आणि तिथून हे नाव पसरलं. १९६१ मध्ये चर्चने तिचा सण पंचांगातून काढून टाकला. पण आजीचं नाव फिलोमेना असेल तर रोमच्या परिपत्रकाला कोण विचारतो!)

सिसिलीत गेलात की पंचांग बदलतं. पालेर्मोला रोझालिया, कातानियाला आगाता, सिराकुझाला लुचिया. पालेर्मोच्या टोळीतल्या म्हातारीचं नाव आगाता ठेवलं तर ती लग्न होऊन आली का, असा प्रश्न तिथल्या माणसाच्या मनात येतो. कोल्हापूरच्या बाईचं नाव अंबाबाईवरून असण्यात नवल नाही, पण तिचं नाव शांतादुर्गा निघालं तर आपण जसे गोव्याकडे बघू, तसंच.

आता नाव कोणाला कोणाचं मिळतं त्याचा नियम. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचं. पहिली मुलगी वडिलांच्या आईचं, दुसरी आईच्या आईचं. पुढच्यांना काका, आत्या, संत, नवस. नेपल्सकडे या प्रथेला 'सुप्पोंता' म्हणतात, म्हणजे टेकू. म्हाताऱ्या भिंतीला लावतात तो. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात ते बहुधा आजी गेल्यावर; तिथे आजी समोर बसलेली असताना ठेवतात, तिला आधार म्हणून. नाव न ठेवणं हा तिचा उघड अपमान.

हा नियम ठाऊक नसेल तर दुसऱ्या मोसमाचा शेवट अर्धाच कळतो. म्हातारा पिएत्रो कबरस्तानात आहे, चिरो पिस्तूल घेऊन तिथे पोचलाय, आणि दुसरीकडे इस्पितळात पिएत्रोच्या मुलाला, जेनीला, मुलगा होतोय. बापाविरुद्ध जेनीने काय केलंय ते आपल्याला ठाऊक असतं. बाळाचं नाव विचारल्यावर तो म्हणतो, पिएत्रो. बाहेरच्या प्रेक्षकाला हा पश्चात्ताप वाटतो किंवा भावनिक योगायोग. नेपल्सच्या प्रेक्षकाला दिसतं ते वेगळंच: त्याने रीतीप्रमाणे टेकू लावला आणि त्याच घटकेला भिंत पाडली. एका शब्दात दोन्ही. या दृश्याला अधिक संवाद नाहीत आणि ते बरोबरच आहे.

कायदाही इथे बारकाईने पाळला गेलाय. इटलीत २००० सालच्या नागरी नोंदणी नियमावलीच्या ३४व्या कलमानुसार बाळाला हयात वडिलांचं नाव देता येत नाही, हयात भावंडाचंही नाही. हास्यास्पद किंवा लाजिरवाणं नाव चालत नाही. जेनोव्हातल्या एका जोडप्याने मुलाचं नाव 'शुक्रवार' ठेवलं होतं, ते न्यायालयाने रद्द केलं. आजोबाचं नाव मात्र चालतं. म्हणून पिएत्रोचा नातू पिएत्रो होऊ शकतो, पण जेनीचा मुलगा जेनी होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या इटालियन टोळ्यांच्या कथांत 'ज्युनियर' सर्रास सापडतात, कारण तिथे ही अडचण नाही. इटलीत घडणाऱ्या आजच्या कथेत 'ज्युनियर' दिसला तर लेखकाने न्यू जर्सीवरून नक्कल मारली असं खुशाल समजा.

न्यू जर्सीचा विषय निघालाच आहे तर 'द सोप्रानोज' या तिथल्या टोळीवरच्या अमेरिकन मालिकेतलं एक जोडनाव सांगून पुढे जाऊ. आई कार्मेला, मुलगी मेडो, म्हणजे कुरण. एका पिढीत कार्मेल डोंगराची मादोन्ना गेली आणि उपनगरातलं हिरवळीचं मैदान आलं. तेवढ्यावरून त्या घराची आर्थिक चढण कळते.

'गोमोर्रा' हेच काम जास्त पायऱ्यांत करते, आणि मालिकेची खरी कारागिरी इथे आहे. इम्मा ही चाळिशी ओलांडलेली, आजीच्या नावाच्या पिढीतली. चिरोची बायको देबोरा. बायबलच्या जुन्या करारातलं नाव, पण इटलीत ते चाललं फॅशन म्हणून. तिची मुलगी मारिया रीता. इथे पुन्हा संत आली, काशियाची रीता, अशक्य अडचणींत धावणारी, २२ मेला जिचा सण असतो. आईचं नाव फॅशनचं, मुलीचं नवसाचं. अशी उलटी गाठ खऱ्या घरांत हमखास सापडते आणि पटकथेत क्वचितच, कारण पटकथाकाराला पिढ्या सरळ रेषेत हव्या असतात. जुनी पिढी धार्मिक आणि नवी आधुनिक. देबोराचा तिच्या नवऱ्याच्याच हातून होणारा शेवट आणि मागे उरलेली मारिया रीता, हा दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीचा भाग बघवत नाही. ते नाव तिथे फार जड होतं.

मग जेनीची बायको आद्झुर्रा, म्हणजे आकाशी. नेपल्सच्या फुटबॉल संघाचा रंग, राष्ट्रीय संघाचाही. या नावाची कोणी संत नाही. अशा नावांना इटलीत 'आदेस्पोता' म्हणतात, ज्याला धनी नाही असं नाव. नावाचा सण, जो दक्षिणेत वाढदिवसाच्या तोडीचा मानतात, तो अशा मुलींना १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सामुदायिक लग्नात उरकल्यासारखा साजरा करावा लागतो. आद्झुर्राचा बाप पैशातला, वजनदार टोळीवाला. मुलीच्या नावात आजीचा टेकू नाही, यातच त्या घराची ऐट आहे.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शानेल. हिचं खरं नाव आन्नालीझा माल्योक्का. टोळीची स्वतंत्र प्रमुख, विधवेच्या तोऱ्यात वावरणारी, सुनेला घरात डांबून ठेवणारी. तिला लोक फ्रेंच अत्तराच्या नावाने ओळखतात आणि उच्चार-लिखाण नेपल्सच्या वळणाने करतात. इम्माकोलाता ते शानेल हा प्रवास दोन मोसमांत होतो. मादोन्नाच्या जागी बाटली.

खऱ्या नेपल्समध्येही टोपणनाव बाप्तिस्म्याच्या नावाला असंच खाऊन टाकतं. १९५५ मध्ये नवऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून भरदिवसा, गरोदर असताना, गोळ्या झाडणारी बाई जगभरच्या वर्तमानपत्रांत 'पुपेत्ता' म्हणून गाजली, म्हणजे बाहुली. २०२१ मध्ये ती वारली. नोंदवहीत ती आस्सुंता मारेस्का होती. सिनेमावाल्यांना बाहुली सापडली की आस्सुंता नकोशी होते. 'गोमोर्रा'च्या लेखकांनी निदान दोन्ही नावं खिशात ठेवली.

आता हाकांबद्दल, कारण दोष तिथे आहेत आणि ते मालिकेचे नसून उपशीर्षकांचे आहेत. नेपल्सच्या बोलीत हाक मारताना नाव जोराच्या स्वरावर तोडतात. पात्रित्सियाला (चौथा मोसम जिचा आहे ती) हाक 'पात्री', आद्झुर्राला 'आद्झु', जेन्नारोला, म्हणजे जेनीला, 'जेन्ना'. ही लाडाची नावं नव्हेत. भांडतानाही अशीच तोडतात. नाव अख्खं उच्चारलं, तर एक तर समोरचा परका आहे किंवा प्रकरण गंभीर आहे. आपल्याकडे 'शांते' आणि 'शांताबाई' यांत जे अंतर आहे ते तिथे एका स्वरात मावतं. उपशीर्षकांत मात्र कायम 'पात्रित्सिया' छापून येतं, किंवा काहीच येत नाही. यामागचं कारण धंद्याचं आहे. लॅटिन लिपीतल्या उपशीर्षकाला एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, फार तर दोन ओळी, आणि वाचायला दोन-चार सेकंद मिळतात. संवाद बसेना की भाषांतरकार पहिली कात्री हाकेला लावतो, कारण माहितीच्या दृष्टीने ती फालतू असते. उपाय सोपा: संवाद सुरू होताना पहिला शब्द कानाने ऐका आणि मग डोळे खाली न्या. तीन-चार भागांत सवय होते.

'डोन्ना'चं काय करायचं हा त्याहून अवघड प्रश्न. लॅटिनमधल्या 'घरधनीण' या शब्दापासून आलेला हा मान पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. इंग्रजीत त्याला बरोबर प्रतिशब्द नाही. मराठीत कोणी भाषांतर करायला बसलंच तर मुंबईच्या वळणावर 'वहिनी' सुचेल, पण ते चुकेल. वहिनीचा मान भाईमुळे येतो. 'डोन्ना इम्मा'मध्ये मान तिच्या स्वतःच्या नावाला आहे, आणि इटलीत कागदोपत्रीही बाई लग्नानंतर माहेरच्याच आडनावाने राहते. 'इम्माबाई' जास्त जवळ जातं. गावातल्या सावकारीण बाईला म्हणतात तसं, दबकत.

नावाला एवढं वजन का, याचं उत्तर बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी सापडतं. १९१७ च्या चर्च कायद्यात पाद्रीवर स्पष्ट जबाबदारी होती: आईबाप ख्रिस्ती नाव ठेवायला तयार नसतील तर त्याने एखाद्या संताचं नाव जोडावं आणि दोन्ही नावं वहीत लिहावीत. १९८३ च्या कायद्याने हे सैल केलं. आता नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसलं की पुरे. म्हणजे इम्माच्या पिढीपर्यंत जुना नियम चालू होता आणि आजची धनी नसलेली नावं नव्या नियमातली. बाप्तिस्म्याला धर्मपिता किंवा धर्ममाता लागते आणि दक्षिणेत ते नातं रक्ताइतकं घट्ट मानतात. टोळ्यांनी नेमकं तेच उचललं. मुलीच्या बाप्तिस्म्याला कोण उभा राहिला यावरून कोणाची कोणाशी सोयरीक जमली ते अख्ख्या वस्तीला कळतं, पोलिसांनाही. रेज्जो कालाब्रियाच्या मुख्य धर्माध्यक्षांनी २०१४ मध्ये दहा वर्षं धर्मपिता नेमणंच बंद करावं असं सुचवलं होतं. कातानियाच्या धर्मप्रांताने २०२१ मध्ये तीन वर्षांसाठी ते प्रत्यक्ष बंद केलं.

कालाब्रियाच्या 'न्द्रांगेता' या टोळीजाळ्यात तर टोळीत घेण्याच्या विधीलाच बाप्तिस्मा म्हणतात. संत मायकलचं चित्र जाळतात, शपथ घेतात, आणि वरच्या एका पायरीचं नावच 'शुभवर्तमान' आहे. हे सगळं पुरुषांसाठी. बाईला फार तर 'सोरेल्ला दोमेर्ता', मौनाची बहीण, असा किताब. म्हणजे पुरुषाचे बाप्तिस्मे दोन आणि बाईचा एकच. चर्चमधलं नाव तेवढं तिचं. नेपल्सच्या टोळ्यांना, म्हणजे कामोर्राला, असला कर्मकांडाचा सोस कमी, आणि 'गोमोर्रा'ने तिथे भेसळ केलेली नाही. चिरोच्या निष्ठेची परीक्षा पिएत्रो घेतो ती संताच्या चित्रावर नव्हे. तो त्याला पेल्यातून स्वतःचं मूत प्यायला लावतो. कालाब्रियाचे विधी नेपल्समध्ये दाखवणाऱ्या मालिका ढिगाने आहेत. ही त्यातली नाही.

'मॅकमाफिया'कडे वळू. १ जानेवारी २०१८ ला बीबीसीवर सुरू झाली, भाग आठ. लंडनमध्ये वाढलेला रशियन घरातला अ‍ॅलेक्स गॉडमन गुंतवणूक निधी चालवतो आणि काकाच्या खुनानंतर हळूहळू घाऊक गुन्हेगारीत उतरतो. 'गोमोर्रा' हे किरकोळीचं दुकान आहे: पुड्या, गल्ल्या, पहारेकरी. 'मॅकमाफिया' म्हणजे गोदी आणि बँक. पैसा लंडनमधून बेटावरच्या कंपन्यांत आणि तिथून इस्रायलच्या जहाजवाल्याकडे कसा फिरतो, बंदराच्या संगणकात घुसून कंटेनर कसा गायब करतात, हे तिने इतकं नीट दाखवलंय की बाकी मालिका पोरखेळ वाटाव्यात. मुंबईचं बंदरही त्यात आहे आणि नवाजुद्दीन सिद्दिकी दिली महमूद नावाच्या माणसाच्या भूमिकेत. त्याचं काम चोख, पण मुंबई फक्त गोदीपुरती. तिथल्या एकाही बाईचं नाव लक्षात राहत नाही.

रशियन बायकांची नावं मात्र आहेत आणि निवड चांगली आहे. आई ओक्साना, बहीण कात्या, शत्रू वादिमची मुलगी नताशा, आणि ल्युद्मिला निकोलायेवा. ही मॉस्कोची सौंदर्यप्रसाधन करणारी मुलगी. इजिप्तमधल्या नोकरीच्या आमिषाने निघते आणि सिनाईच्या वाळवंटातून इस्रायलमध्ये विकली जाते. ओक्साना हे क्सेनियाचं युक्रेनी रूप. कात्या म्हणजे येकातेरिना, नताशा म्हणजे नताल्या. ही नावं मुळात संतांची, पण सोव्हिएत काळानंतर ती कुठल्याही घरात सापडतात. त्यावरून धर्म ठरवायला जाऊ नका. ल्युद्मिला त्यातलं सगळ्यात नेमकं. रशियन चर्चच्या पंचांगात अस्सल स्लाव्ह मुळाची बायकांची नावं मोजकी, त्यातलं हे एक. संत ल्युद्मिला बोहेमियाची, ९२१ मध्ये गळा आवळून मारलेली. तिचा दिवस जुन्या पंचांगाने १६ सप्टेंबर, आजच्या हिशेबाने २९ सप्टेंबर. आणि संघटित आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार लागू झाला तो २९ सप्टेंबर २००३ ला. निव्वळ योगायोग, लेखकांच्या ध्यानीमनी असेल असं वाटत नाही.

जुन्या रशियन रीतीने नाव ठेवायचं तर आठव्या दिवशी प्रार्थना, चाळिसाव्याच्या सुमारास बाप्तिस्मा, आणि नाव त्या सुमाराच्या संताचं. पंचांगात बायका पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी, त्यामुळे मुलीसाठी काही दिवस पुढे-मागे सरकायची मुभा. स्वेतलानासारखं नाव पंचांगात नव्हतंच. एकोणिसाव्या शतकातल्या कवितांमधून ते लोकप्रिय झालं, म्हणून अशा मुलीला चर्चमध्ये फोतिना नाव देत. दोन्हींचा अर्थ उजेडाशी निगडित, एवढाच धागा.

मालिका कमी पडते ती पुढच्या पायरीवर. रशियन नाव तिघाडी असतं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या रेशन कार्डावर तेच असतं. फरक असा की रशियन बाई लग्नानंतर मधलं नाव बदलत नाही, बापाचंच ठेवते. आदराने बोलायचं तर पहिली दोन्ही एका दमात घ्यावी लागतात. ल्युद्मिला बाजारात उभी केली जाते तेव्हा तिच्याकडून पासपोर्ट जातो आणि त्याबरोबर ते मधलं नावही जातं. एवढं मोठं हत्यार लेखकांच्या हाताशी होतं. पडद्यावर लक्षात राहतात ती नुसती पहिली नावं, इंग्रजी कानाला सोपी अशी. ल्युदा, ल्युस्या, मिला ही घरची रूपं कोण वापरतं आणि कोण वापरत नाही, यावर एक अख्खा भाग उभा राहिला असता.

आपल्याकडच्या गुन्हेगारी कथांना या बाबतीत बोलायला जागा नाही. हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं डॉनच्या अड्ड्यावरच्या ख्रिस्ती मुलीला रोझी, लिली, मोना या तीन नावांत उरकलं, आणि मराठीने गोव्याची बाई आली की मारिया. गोव्यातल्या कॅथलिक घरांतही आजी-आजोबांची नावं फिरतात आणि पोर्तुगीज बिरुदं तिथेही तशीच उतरली आहेत. कोंचेत्ताची गोव्यातली बहीण कोंसेसांव, आस्सुंताची आसुंसांव, आणि पियेदाद, दोलोरिस, रेमेदियुस. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीवरून, म्हणजे तिथल्या मरियामातेवरून, मिलाग्रीन. त्या सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि हिंदूही तेल घेऊन तिच्या फेस्ताला जातात.

कोणी लिहिणार असेल तर क्रम असा ठेवावा. आधी पात्राचं जन्मसाल ठरवा. मग गाव आणि तिथल्या चर्चचं फेस्त शोधा. मुलगी कितवी ते ठरवून त्याप्रमाणे कुठल्या आजीचं नाव येतं ते बघा, म्हणजे आजीसाठीही नाव लागेल आणि ते पन्नास वर्षं जुनं असायला हवं. त्यानंतर घरचा तुकडा पाडा, आणि तो तुकडा कोण उच्चारणार नाही हे लिहून ठेवा. टोपणनाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण टोपणनावापासून सुरुवात करतात आणि मग खरं नाव त्याला शोभेल असं शोधतात. तिथेच रोझी जन्माला येते. गोव्याचं पात्र १९६१ च्या आधी जन्मलेलं असेल तर पोर्तुगीज रूप, नंतरचं असेल तर इंग्रजी वळणही चालेल, पण आजी मात्र पोर्तुगीजच राहील.

बघण्याच्या क्रमाबद्दल. 'गोमोर्रा'चे पहिले दोन मोसम सलग बघा, २४ भाग. इम्मा, देबोरा, शानेल, पात्रित्सिया या चौघी तेवढ्यात भेटतात आणि लिखाण तिथेच सर्वात कसलेलं आहे. तिसऱ्याच्या शेवटी चिरोला समुद्रात टाकतात आणि मालिका नैसर्गिक मरणाला येते. चौथा मोसम पात्रित्सियाचा आहे. तिच्यासाठी बघावा, शेवट पचवायची तयारी ठेवून. पाचव्याच्या आधी २०१९ चा 'लिम्मोर्ताले' हा चित्रपट बघावा लागतो, कारण मेलेला चिरो परत कसा आला ते तिथे सांगितलंय. ते पटत नाही. 'मॅकमाफिया'चे आठ भाग शनिवार-रविवारी संपतात. तिला मात्र उपशीर्षकं सक्तीने लावा, कारण रशियन आणि हिब्रू संवाद भरपूर आहेत आणि काही उपकरणांवर परकीय संवादांपुरती उपशीर्षकं आपोआप येत नाहीत. पडदा मोबाइलचा असेल तर अक्षर एक घर मोठं करा, नाही तर दुसऱ्या ओळीतली नावं हुकतात.